लिफ्टसमोरचा स्टँड कोणाचा?

बी-104 (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी, दुसऱ्या मजल्यावर लिफ्टसमोर कपड्यांचा स्टँड आहे तो ज्यांचा असेल त्यांनी आत घ्यावा. सकाळी दूधवाला अडकला त्यात. उद्या आग लागली तर पळायला तोच पॅसेज आहे

बी-203: काका माझाय. घरात बाळ आहे हो, दुपट्यांचा ढीग पडतो रोज आणि ऊन कसलं ते नाहीच, बेडरूमभर दोऱ्या बांधल्यात, आम्ही लंगोटांच्या तोरणाखालून ये-जा करतोय 😅 मी वाळवू कुठे ते तरी सांगा

ए-301: अगं पॅसेजमधे वारा कुठाय, तिथे अजून कुबट होणार

ए-402: दिवसभर सगळ्या खिडक्या उघड्या टाका, हवा खेळू द्या

बी-304: काका डोंबिवलीतला जुलै आहे हा 🙏 पाऊस पडत असताना बाहेरचीच हवा 85-90 टक्के दमट, ती आत घेऊन काय वाळणार. कपड्याला चिकटून बसलेली ओली हवा हलली पाहिजे, म्हणून टेबलफॅन खालून तिरका लावायचा आणि दोन कपड्यांत हात जाईल एवढी जागा सोडायची. आमच्याकडे जीन्स आतली बाहेर करून कमरेला चिमटे लावून टांगतो, खिसे बाहेर काढून, नाहीतर सगळं वाळतं आणि खिसेच ओले राहतात

ए-105: आणि मशीनमधे स्पिन परत एकदा मारा ना. जेवढं पाणी तिथे निघेल तेवढं दोरीवर कमी. एका लोडमधलं लिटर दोन लिटर पाणी घरातच सुटतं, मग कपाटामागे बुरशी आली की म्हणायचं बिल्डरने वॉटरप्रूफिंग नीट केलं नाही

ए-301: ते त्याने केलं नाहीच आहे 😂

सी-202: एसी ड्राय मोडवर ठेवून दार लावून घ्या, हवेतलं पाणी पाईपने बाहेर जातं

सी-102: हो आणि ते माझ्या ग्रिलमधल्या तुळशीवर पडतं. पाईपचं बघा जरा

सी-202: सॉरी काकू, प्लंबरला सांगितलंय

ए-402: टॉवेलला वास का येतो पण, धुतलेला असतो, वाळलेला असतो, अंग पुसलं की परत तोच वास

सी-303: मुलगी मायक्रोबायोलॉजी करतेय तिला विचारलं. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जंतू असतो म्हणे, 2012 साली जपानी संशोधकांनी दाखवलं होतं, तो धुऊन वाळवूनही कापडात तग धरतो आणि ओल मिळाली की परत सुरू. त्यामुळे सेंट मारून काही होत नाही, टॉवेल चालत असेल तर 60 डिग्रीच्या गरम पाण्यात धुवा आणि लवकर वाळवा. पावडर जास्त टाकू नका, ती नीट निघत नाही. सॉफ्टनर तर टॉवेलला नकोच, मग तो पाणीच टिपत नाही

सी-102: आमच्या वेळी शेगडीवर वेताची टोपली पालथी घालायची, वर दुपटी पसरायची, निखाऱ्यावर ओवा बाळंतशेपा. काय छान ऊबदार व्हायची

बी-304: काकू ती घरं कौलारू, धूर वरून जायचा. फ्लॅटमधे दारंखिडक्या बंद करून निखारे अजिबात नको, जीव जातो त्याने

सी-102: अरे मी कर म्हटलं का, आठवण सांगितली

बी-203: इस्त्री मारून वाळवू का मग?

ए-301: दुपटी अगदी दमट असतील तर मार, पण लगेच घडी घालून कपाटात नको टाकूस, तासभर पंख्याखाली पसर. आणि बाळाचे कपडे बाळ झोपतं त्या खोलीत नकोत गं, हॉलमधे टाक

ए-105: सेक्रेटरी काका, गच्चीवर पत्र्याची शेड आहे ना? तिथे दोऱ्या बांधू, निदान चादरी तरी जातील. तीन बाजू उघड्या, वारा मस्त येतो, झड आली तर आतल्या अंगाला बांधायच्या

बी-104 (सेक्रेटरी): हरकत नाही, पण शेडखाली जुन्या सायकली आणि एक फुटका कमोड पडलाय. ज्यांचं असेल त्यांनी रविवारपर्यंत उचला, नाहीतर भंगारवाल्याला देतो

बी-203: स्टँड आत घेतला काका 🙏

बी-104 (सेक्रेटरी): थँक्यू. कमोड कोणाचा?

बी-104 (सेक्रेटरी): मंडळी, कमोड कोणाचा??