कौलारू घराच्या पन्हळीला उभे पाईप किती आणि केवढे घालावेत?

पऱ्याकाठ
देवरुखजवळ आमचं चिऱ्याचं कौलारू घर आहे. मी ठाण्यात असतो, घरी आई-बाबा. अंगणाकडचा उतार आडव्यात मोजला तर 12 मीटर लांब आणि साडेचार मीटर रुंद भरतो. गेल्या वर्षी त्याला पीव्हीसीची पन्हळ बसवून घेतली. डाव्या टोकाला 75 मिमीचा एकच पाईप खाली सोडलाय. रिमझिम असली तर काही त्रास नाही. मोठी सर आली की पन्हळ मधेच भरते आणि पाणी मागच्या बाजूने वाशांच्या टोकांवर, भिंतीवर उतरतं. पाईपाच्या पायाशी जोत्याच्या चिऱ्यांमधली माती धुऊन गेलीय. बाबा म्हणतात, काढून टाक ती पन्हळ, पडू देत पागोळ्या. पण पागोळ्यांचे शिंतोडे उडून पडवी ओली राहते, शेवाळ धरतं आणि आईला तिथून चालायची भीती वाटते. पाईप मोठा घालू की दुसरा वाढवू? मृगाच्या आत काम उरकायचं आहे.

ओळंबा
दादा, पन्हळ काढू नका. आईंसाठी ती हवीच. मी राजापूर-लांजा पट्ट्यात हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा उतार 54 चौरस मीटरचा. तासाला 100 मिमीच्या वेगाने पाऊस पडला तर त्यावरून मिनिटाला 90 लिटर पाणी येतं. आपल्याकडे आषाढात अशी सर येतेच, थोडा वेळ त्याहून जोराचीही येते. आता पाईपाचा हिशेब बघा. त्या वेगाला 75 मिमीचा पाईप साधारण 20 चौरस मीटर छपराचं पाणी घेतो, 100 मिमीचा 42. म्हणजे तुमच्या पाईपावर अडीचपटीहून जास्त बोजा आहे. तो तुंबला नसला तरी पन्हळ भरणारच.

नुसता मोठा पाईप घालून भागणार नाही. पाण्याला 12 मीटर धावत एकाच टोकाला जावं लागतंय, ते तोडा. पन्हळीचा मध्य उंच ठेवा आणि दोन्ही टोकांना 110 मिमीचा एकेक पाईप द्या. मीटरला 5 मिमी उतार, म्हणजे मधल्यापेक्षा प्रत्येक टोक 30 मिमी खाली. लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून दोरी बांधा, नजरेवर जाऊ नका. जुन्या घराचे वासे कधीच एका रेषेत नसतात. पन्हळीचे ब्रॅकेट दोन-दोन फुटांवर हवेत, भरलेली पन्हळ फार जड होते.

पाणी मागे का येतं, तर पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच बसली असणार. बाहेरची कड सेंटीमीटरभर खाली घ्या. कधी भरलीच तर पाणी अंगणात पडेल, वाशांवर येणार नाही. कौलाचं टोक पन्हळीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच आत यावं.

पाईप घेताना दुकानात पावसाच्या पाण्याचा एसडब्ल्यूआर (संडास, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठीचा पीव्हीसी पाईप) मागा. त्यात ‘ए’ प्रकार पावसासाठी आणि हवेच्या पाईपासाठी असतो, ‘बी’ संडास-मोरीसाठी. ‘बी’ जाड आणि महाग असतो. पडवीत गुरं बांधत असाल किंवा गाडी लागत असेल तर खालचा पुरुषभर तुकडा मात्र ‘बी’चाच घाला. पत्र्याचा पाईप आमच्याकडे किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याने लवकर गंजतो, तुमच्याकडे तेवढा नाही.

बसवताना सॉकेटचं, म्हणजे पाईपाच्या रुंद टोकाचं, तोंड वरच्या बाजूला. उलटं बसवलं तर प्रत्येक सांध्यातून भिंतीवर पाणी. क्लॅम्प दीड मीटरवर आणि पाईप भिंतीपासून बोटभर सुटा, नाहीतर मागे ओल धरते आणि मुंग्या घर करतात. सगळे सांधे सोल्युशनने चिकटवू नका. पन्हळीचं तोंड आणि पाईप जिथे भेटतात तो सांधा रबर रिंगचा ठेवा, म्हणजे साफ करायला सोडवता येतो. पीव्हीसी उन्हात वाढतं. 12 मीटरची पन्हळ वैशाखातल्या दुपारी आणि पहाटे यांत दीड-दोन सेंटीमीटरचा फरक दाखवते. तिला सरकायला जागा नसेल तर सांधे उघडतात.

वळचण
ओळंबा यांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त पाचोळ्याचं लिहिते. आमच्या घरावर आंब्याची फांदी येते. मे महिन्यात सासरे पन्हळ साफ करून घेतात, पण खरा त्रास पहिल्या वादळी पावसात होतो. एका रात्रीत ओला पाला पाईपाच्या तोंडाशी जाऊन बसतो. तोंडावर सपाट जाळी ठेवू नका, पानं तिच्यावर चिकटून झाकण होतं. घुमटासारखी उभी जाळी घ्या. पायाशी साधा बेंड न लावता झाकणाचा डोअर बेंड लावा, तिथून काठी घालून गाळ काढता येतो. आणि दादा, आई-बाबांना शिडीवर चढू देऊ नका. पावसाळ्याआधी आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास एखादा गडी सांगून ठेवा.

पऱ्याकाठ
दोघांचेही मनापासून आभार. दोन पाईप नक्की. उजव्या टोकापासून विहीर आठ मीटरवर आहे. तो पाईप सरळ विहिरीत सोडला तर?

ओळंबा
सरळ नको. कौलांवर शेवाळ असतं, पक्ष्यांची घाण असते, आणि तुम्ही ते पाणी पिता. पहिले काही मोठे पाऊस बाहेर जाऊ देत, त्यासाठी पाईपात टी (तीन तोंडांचा जोड) घालून खाली फिरकीचं झाकण ठेवा. नंतरचं पाणीही खडी आणि वाळूच्या टाकीतून गाळूनच सोडा. एवढं या वर्षी जमणार नसेल तर विहिरीचं पुढच्या वर्षी करा.

जोत्याचं काम मात्र आधी. धुऊन गेलेल्या सांध्यात आता नुसती माती भरू नका, चुना-वाळूचा माल दाबून भरा. दोन्ही पाईपांच्या पायाशी चिऱ्यांची उतरती पन्हळ बांधून पाणी घरापासून किमान दोन मीटर लांब न्या आणि अंगणाच्या उताराने पऱ्याकडे (ओढ्याकडे) लावा. काम संपलं की मधल्या कौलांवर दोन-तीन घागरी ओता. पाणी दोन्ही टोकांना निम्मंनिम्मं गेलं नाही, तर गवंड्याला पैसे देण्याआधी ब्रॅकेट पुन्हा बसवून घ्या.