‘स्पिरिट’मधला घोडा मुकाच राहिला असता तर?

रानजाई

परवा रविवारी पाऊस थांबेना, म्हणून लेकीला घेऊन ‘स्पिरिट : स्टॅलियन ऑफ द सिमारॉन’ हा ॲनिमेशनपट लावला. ती सात वर्षांची, तिचा हा पहिलाच. मी तो २००२ साली थिएटरात पाहिला होता आणि डोळे पुसत बाहेर पडले होते. या वेळीही रडले, पण एक खंत घेऊन उठले. ती इथे मांडते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळरानावरचा, बदामी अंगाचा आणि काळ्या आयाळीचा एक जंगली घोडा, स्पिरिट. कुतूहलापोटी माणसांच्या शेकोटीजवळ जातो आणि फासात सापडतो. घोडदळाच्या तळावर कर्नल त्याला नमवायला बघतो. लिटल क्रीक नावाचा लाकोटा (तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका जमातीतला) तरुण त्याला तिथून सोडवतो. पुढे सैनिक पुन्हा पकडतात, रेल्वेच्या कामाला जुंपतात, आणि शेवटी तो आपल्या कळपात परततो.

यातले घोडे बोलत नाहीत. एकही नाही. खिंकाळतात, फुरफुरतात, कान मागे पाडतात, दुगाण्या झाडतात. लहान मुलांसाठी चित्रपट काढायचा आणि नायकाला वाचाच द्यायची नाही, याला फार हिंमत लागते. आणि ज्यांनी ती दाखवली त्यांनीच ऐन वेळी कच खाल्ली. मॅट डेमनच्या आवाजात घोड्याचं मनोगत येत राहतं, ते थांबतं तिथे ब्रायन ॲडम्स गायला लागतो. घोड्याला तीन दिवस अन्नपाण्यावाचून खांबाला बांधून ठेवतात, तो प्रसंग आठवा. अंगातली शक्ती चाललीय, नजर मात्र तशीच. लेक माझा हात घट्ट धरून बसली होती. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. असं चित्र काढता येणाऱ्या माणसांना शब्दांचा आधार का घ्यावासा वाटला?

निवेदन काढलं असतं आणि गाणी निम्मी केली असती, तर हा चित्रपट थोर झाला असता. आज तो फक्त चांगला आहे. तुम्हाला काय वाटतं?

सूरपेटी

अजिबात पटलं नाही.

मी तो नऊ वर्षांचा असताना केबलवर पाहिला, इंग्रजीतून. तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. पण ब्रायन ॲडम्सच्या त्या खरखरीत आवाजात आता चीड आहे की घराची ओढ आहे, हे बरोबर कळायचं. आणि खाली हान्स झिमरचं संगीत. घोडा पहिल्यांदा सैनिकांना एकामागून एक पाठीवरून फेकून देतो, त्या गाण्यावर मी घरभर उड्या मारायचो. यातला कुठलाही प्राणी तोंड उघडून गात नाही. गाणं मागून येतं आणि घोडा पळत राहतो. आपल्या सिनेमांत नायक गाव सोडून निघाला की मागून गाणं येतंच, ते आपल्याला कधी खटकलं?

निवेदनाचं म्हणाल तर माझा मुद्दा वेगळा आहे. आपल्याकडच्या घोड्यांच्या गोष्टी आठवा. चेतक राणा प्रतापांचा, कंथक सिद्धार्थाचा. घोडा कितीही थोर असला तरी तो कुणाचा तरी असतो आणि गोष्ट स्वाराची असते. इथे सुरुवातीलाच घोडा सांगतो की आजवर हे सगळं खोगिरावर बसलेल्यांनी सांगितलं, आता मी सांगतो. तो ‘मी’ काढून टाकलात की उरतो एक देखणा प्राणी, ज्याच्याकडे आपण बाहेरून बघणार. कर्नल त्याच्याकडे तसाच तर बघत होता.

चित्ररेघ

मी चित्रं काढून पोट भरतो, त्यामुळे माझं भांडण आवाजाशी नाही, चेहऱ्याशी आहे.

रानजाई, तुम्ही म्हणता घोडा मुका ठेवला. पण त्याच्या भुवया बघा. घोड्याला अशा वर-खाली होणाऱ्या, आठ्या पाडणाऱ्या भुवया नसतात. डोळेही माणसासारखे पुढे आणले आहेत, कारण खऱ्या घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि तो तुमच्याकडे समोरून रोखून बघत नाही. म्हणजे त्याला माणसाची भाषा आधीच दिलेली होती, फक्त ती कपाळावर दिली. निवेदन नंतरचं.

हेच जास्त लागतं, कारण बाकीचं शरीर अप्रतिम आहे. स्पिरिटच्या ॲनिमेशनची जबाबदारी जेम्स बॅक्स्टरकडे होती. चाल, दुडकी, भरधाव दौड, प्रत्येकात पाय पडण्याचा क्रम वेगळा असतो आणि इथे तो चुकत नाही. वळताना वजन कुठल्या खांद्यावर जातं तेही दिसतं. चार पायांचा प्राणी हाताने काढून दीड तास पळवणं म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी घोडा काढून पाहिलाय त्यालाच कळेल. अभ्यासासाठी त्यांनी ऑरेगनमधल्या कायगर मस्टँग जातीचा खरा घोडा आणून ठेवला होता. इतका अभ्यास केल्यावर कानांवर भरवसा ठेवायचा होता. घोड्याचे कान सगळं सांगतात.

पात्रं हाताने काढलेली आणि मोठमोठी दृश्यं संगणकावरची, असा तो काळ होता. ऑस्करला नामांकन मिळालं, पारितोषिक जपानच्या मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’ला गेलं आणि ते योग्यच झालं. पुढच्या वर्षीच्या ‘सिंदबाद’नंतर, ‘स्पिरिट’ काढणाऱ्या ड्रीमवर्क्स कंपनीने हाताने काढलेले मोठे चित्रपट थांबवले. म्हणून या घोड्याकडे बघताना मला दर वेळी भरून येतं. भुवया धरूनही.

रानजाई

सूरपेटी, ‘मी’चा मुद्दा मला लागला, खरंच. कर्नलशी केलेली तुलना मात्र मान्य नाही. कर्नल त्याच्याकडे बघतच नव्हता, त्याला फक्त स्वतःचा हुकूम दिसत होता. न बोलणाऱ्याकडे नीट बघणं हेसुद्धा त्याला मान देणंच आहे.

चित्ररेघ, भुवया आता कधीच नजरेआड होणार नाहीत. पण मुलांना त्यांची मदत होते असं मला वाटतं.

टांगेवाल्याचा नातू

तुम्ही सगळे आवाजावर बोलताय. मला या चित्रपटाचा राग वेगळ्याच कारणाने येतो.

माझ्या आजोबांचा मिरजेत टांगा होता. मी पाहिलेली शेवटची घोडी पांढरी, तिला आम्ही राणी म्हणायचो. शिंगरू असताना ती माणसाची सावली पडली तरी बुजायची. आजोबा महिनाभर नुसते तिच्या शेजारी बसायचे, हातात गुळाचा खडा. मग दोरी, मग लगाम, मग रिकामा टांगा. घाई नाही. म्हातारपणी त्यांचे डोळे गेले तेव्हा ती स्टेशनापासून घरापर्यंत त्यांना स्वतःच आणायची.

घोडा शिकवणं म्हणजे त्याला मोडणं, असं हा चित्रपट मुलांच्या मनात भरवतो. पाठीवर माणूस आला की गुलामी, उतरला की स्वातंत्र्य. हा अन्याय आहे, त्या शिकवणाऱ्या हातांवर आणि त्या घोड्यांवरही. आणि शेवट बघा. लिटल क्रीक स्पिरिटला सोडतो ते ठीक. पण रेन, जी घोडी लहानपणापासून त्याच्या अंगाखांद्यावर वाढल्यासारखी त्याच्यावर जीव टाकते, तिलाही पाठवून देतो. तो पोरगा त्या डोंगरात एकटा, पायी. सगळे स्पिरिटसाठी रडतात, मी त्याच्यासाठी रडतो.

भातुकली

नातूदादा, राणीचं वाचून गलबलून आलं. पण चित्रपट तुम्ही म्हणता तेवढा एकारलेला नाही. रेन तिथे आहे ती त्यासाठीच. तिच्या पाठीवर माणूस असतो आणि ती खुशीत असते. स्पिरिट तिच्याकडे चक्रावून बघत राहतो.

रानजाई

अगदी हाच प्रश्न लेकीने विचारला. लाकोटा वस्तीत लिटल क्रीकही स्पिरिटवर मांड टाकायला बघतो आणि पडतो, तिथे ती म्हणाली, “आई, हा पण तसाच?” मला लगेच उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळाने तोच हार मानतो आणि दोरी सोडून देतो, तेव्हा ती म्हणाली, “नाही, हा ऐकतो.” नातूदादा, तुमचे आजोबा तेच करत होते. महिनाभर ऐकत होते.

पश्चिमवारा

मी बारा वर्षं अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात राहतो. शहराबाहेर गाडी काढली की डोंगरउतारावर मस्टँग, म्हणजे इथले जंगली घोडे, दिसतात. पहिल्यांदा दिसले तेव्हा गाडी कडेला लावून अर्धा तास उभा होतो. म्हणून मला हा चित्रपट आवडतोही आणि छळतोही.

आधी नावच घ्या. ‘सिमारॉन’ हा शब्द स्पॅनिश भाषेतला, माणसाकडून पळून रानात गेलेल्याला लावायचा. ‘मस्टँग’ही तिकडूनच आला, मालक नसलेलं भटकं जनावर. घोड्याचा वंश मुळात उत्तर अमेरिकेतच वाढला, पण तिथून तो सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. पुढे स्पॅनिश लोकांनी जहाजांतून आणला. म्हणजे स्पिरिटचे पूर्वज खोगिराखालून निसटलेले होते. चित्रपटात मात्र तो अनादी काळापासून त्या मातीतला आहे. मला पळून गेलेल्याची गोष्ट जास्त मोठी वाटते.

आणि कळप. इथे बापाची जागा मुलगा घेतो आणि कळपाचा नायक होतो. प्रत्यक्षात नर शिंगरू दोन-तीन वर्षांचं झालं की कळपाबाहेर पडतं आणि इतर तरण्या नरांबरोबर फिरतं. पाण्याकडे कुठल्या वाटेने जायचं हे बहुधा एखादी जाणती घोडी ठरवते. नर मागून राखण करतो. स्पिरिटच्या आईकडे ही गोष्ट द्यायला हवी होती.

पण माझा खरा आक्षेप सैन्याबद्दल आहे. लाकोटा भाषेत घोड्याला ‘शुंका वाकान’ म्हणतात, पवित्र कुत्रा, कारण आधी त्यांची ओझी कुत्रे ओढायचे. घोड्याने त्या लोकांचं जगणं पालटलं, आणि सैन्याला हे पक्कं ठाऊक होतं. १८७४ मध्ये टेक्ससमधल्या पालो ड्युरो दरीत कर्नल मॅकेन्झीच्या सैन्याने कोमांची, कायोवा वगैरे मूळ रहिवाशांचे हजारावर घोडे पकडून गोळ्या घालून मारले. लाकोटांनी सैन्याला हरवलं त्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईनंतर, १८७६ मध्ये लाकोटांचे घोडे काढून घेतले. घोडदळाने घोडे मारले, ही गोष्ट घोड्याच्या तोंडून सांगायची सोडून चित्रपट काय करतो? शेवटी कर्नल बंदूक खाली करायला लावतो, मान लववतो आणि निघून जातो. जणू सामना होता आणि समोरचा जिंकला.

सूरपेटी

पश्चिमवारा, माहिती वजनदार आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला हजार घोड्यांची कत्तल दाखवणार का? वस्तीवरचा हल्ला आहे, रेनला गोळी लागते, ती नदीत वाहून जाते. मुलांच्या चित्रपटात याहून पुढे कुठे जायचं?

आणि रेल्वेचा प्रसंग विसरू नका. घोडे इंजिन डोंगरावर ओढतात आणि स्पिरिटच्या लक्षात येतं की रूळ आपल्याच गावाकडे चाललेत. तिथे त्याला शत्रू म्हणजे एक माणूस नाही हे कळतं. मला ते लहानपणीच कळलं होतं.

पश्चिमवारा

रेल्वेचा प्रसंग मलाही थोर वाटतो. पण तो इंजिन खाली सोडून देतो आणि गोष्ट सुटते. खरी रेल्वे १८६९ मध्ये पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येऊन यूटात जोडली गेली आणि थांबली नाही. जंगली घोडे पुढे इतके मारले गेले की १९७१ मध्ये त्यांना वाचवायला कायदा करावा लागला. आता गाढवं धरून ७० हजारांहून जास्त आहेत, त्यांतले निम्म्याच्या आसपास नेवाडात. सरकारच्या हिशेबाने माळाला सुमारे २६ हजार झेपतात. म्हणून हेलिकॉप्टरने हाकून आणतात, आणि आणखी हजारो कुंपणात ठेवलेत. ते कुंपण मी पाहिलंय. हिरवं गवत, वेळेवर वैरण, आणि सगळे घोडे एकाच दिशेला तोंड करून उभे.

कत्तल दाखवू नका. पण कर्नलची ती मान लववणं तरी काढा.

टांगेवाल्याचा नातू

यावर मी तुमच्या बाजूने. मान लववून माफी मिळत नाही.

भातुकली

मी काल एक करून पाहिलं. दोन भाचे आलेत, पाच आणि आठ वर्षांचे. त्यांना खांबाचा प्रसंग आणि नदीकाठी स्पिरिट जखमी रेनजवळ थांबतो तो प्रसंग, दोन्ही आवाज बंद करून दाखवले.

पहिले काही क्षण शांत होते. मग धाकटा बोलायला लागला. “त्याला तहान लागलीय. पण तो मागणार नाही.” मोठा म्हणाला, “मागितलं तर ते जिंकतील.” नदीकाठी धाकटा रेनच्या वतीने बोलला, “तू जा, ते येतायत.” आणि मोठा स्पिरिटच्या वतीने, “नाही जात.” शेवटपर्यंत दोघं बोलत होते.

सूरपेटी

बघा. मुलांना घोड्याचा आवाज हवाच होता. म्हणूनच निवेदन आहे.

रानजाई

तो आवाज त्यांनी स्वतः दिला, सूरपेटी. मॅट डेमन असता तर ती दोघं गप्प बसली असती.

भातुकली, आज रात्री लेकीला तसंच दाखवते. ती काय बोलते ते इथे लिहीन.