‘डेली ड्रायव्हर’ला मराठीत काय म्हणता?

परवा पोवई नाक्यावर चहा पिताना मी बोलून गेलो, ‘‘पोलो आता माझी डेली ड्रायव्हर आहे.’’ शेजारचे काका म्हणाले, ‘‘रोजचा ड्रायव्हर कशाला ठेवलास रे? तुला येते की चालवायला!’’ त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे ड्रायव्हर म्हणजे माणूस; गाडीवेड्यांच्या इंग्रजीत मात्र ‘डेली ड्रायव्हर’ म्हणजे रोजच्या कामाला बिनघोर वापरायची गाडी.

मग काय म्हणायचं? ‘रोजची गाडी’ लगेच सुचतं, पण त्यातून नुसतं रोज निघते एवढंच कळतं. माझी पोलो जीटी टीएसआय रीमॅप केलेली, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली; शिवाय स्प्रिंगा बदलून ३० मिलिमीटर खाली बसवलेली. सातारा-कराड रोज जाते, म्हणजे रोजची झालीच. पण बायकोला किल्ली देताना माझी टेप सुरू होते: गार इंजिन ताणू नकोस, ९५ ऑक्टेनचं पेट्रोलच भर, स्पीडब्रेकरवर तिरकी घे, मागं तिघं असतील तर उतरव त्यांना. ती किल्ली खुंटीला अडकवते आणि स्कूटर काढते.

(इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आमच्या गल्लीत उंची तीच, रुंदी मात्र हातभर.)

प्रतिसाद, सांगलीहून:
आमच्याकडं ‘अपडाउनची गाडी’ म्हणतात. मिरजेला नोकरी, सांगलीत घर, तर अपडाउनला एक जुनी वॅगनआर. पण दादा, तुमच्या गाडीला तो शब्द शोभणार नाही. अपडाउनची म्हटलं की चेपलेला दरवाजा आणि सीटवर टॉवेल डोळ्यांसमोर येतो. उलट टोकाला साडीचा शब्द आहे, ‘ठेवणीतली’. रविवारी कव्हर काढून कासला नेतात ती.

आणखी एक:
शर्यतीचं खोंड आणि औताचा बैल, एवढं साधं आहे. खिल्लार दोन्हीकडं चालतं, पण शर्यतीचं जनावर कुणी नांगराला जुंपत नाही. खुराक वेगळा, निगा वेगळी, आणि धरायला ओळखीचाच माणूस लागतो. तुमची पोलो शर्यतीचं खोंड आहे, तुम्ही त्याला रोज औताला नेताय.

मूळ लेखक:
बैलाचं पटलं. ‘ओळखीचाच माणूस लागतो’ हेच मला सापडत नव्हतं. मग मी ‘वापरती गाडी’ म्हणेन, ‘राहतं घर’ म्हणतो तसं. घर नावावर असून भागत नाही, त्यात चूल पेटावी लागते. वापरती म्हणजे घरातलं कुणीही किल्ली उचलून काही न विचारता बाजाराला जाईल अशी. ताकद किती वाढवली याचा इथं संबंध नाही. रीमॅप राहिला तरी चालेल, स्प्रिंगा नाही चालणार.

सांगलीहून पुन्हा:
म्हणजे स्प्रिंगा काढणार?

मूळ लेखक:
जुन्या स्प्रिंगा माळ्यावर आहेत. सध्या तरी गाडी माझ्यापुरतीच वापरती आहे.