गिटहबची प्रायव्हेट रेपो आता अख्ख्या टीमला फुकट: सगळा कोड तिकडं न्यावा का?

गूळपट्टी (शाहूपुरी, कोल्हापूर), १९ एप्रिल २०२०

भावांनो, मार्केट यार्डातल्या गूळ अडत्यांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. सहा जण आहोत. शेतकऱ्याची पट्टी त्यातूनच छापली जाते: किती रवे (गुळाच्या ढेपा), वजन, सौद्यात निघालेला दर, मग हमाली-तोलाई वजा.

१४ तारखेला गिटहबनं, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटनं, प्रायव्हेट रेपोत (बाहेरच्यांना न दिसणाऱ्या कोडच्या कोठारात) फुकटात कितीही माणसं जोडायला मोकळीक दिली. गेल्या वर्षी जानेवारीत ती रेपो फुकट झाली खरी, पण तीनच सहकारी जोडता यायचे. मी आणि ते तिघं आत, दोघं बाहेर. पैसे भरायचे तर टीम प्लॅन माणशी महिना ९ डॉलर. आमच्यासारख्यांना ते जड. मग ते दोघं फायली झिप करून व्हॉट्सॲपवर पाठवायचे आणि मी त्या हातानं मिसळायचो.

डिसेंबरात, ऐन हंगामात, अशाच एका झिपनं तोलाईची दुरुस्ती पुसली गेली. पन्हाळ्याकडचे एक आजोबा चार घड्या घातलेली पट्टी खिशातून काढून म्हणाले, "पोरा, तोलाई दोनदा कशी रं?" दोन ओळी, तीच रक्कम, एकाखाली एक. त्या दिवशी यार्डात बसून ३८ पट्ट्या मी हातानं दुरुस्त केल्या. ते आजोबा माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाहीत.

त्याआधी ऑगस्टात पूर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. ऑफिस तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर मशीनचं झाकण काढलं तर पंख्याच्या पात्यांत गाळ वाळून बसलेला. जुन्या मॉड्यूलचा कोड तेवढ्या एकाच डिस्कवर होता. कागलच्या पोराच्या लॅपटॉपवर अकरा दिवस जुनी प्रत सापडली, म्हणून वाचलो.

आता लॉकडाऊनमध्ये सगळे आपापल्या गावी आहेत. सगळा कोड गिटहबवर न्यावा असं मनात आहे. पण आमचा कोड तिथली माणसं बघणार का? आणि उद्या पुन्हा पैसे मागितले तर?

उद्यमनगरकर

न्या, बिनधास्त. आम्ही फौंड्रीवाल्यांची कामं करतो, आमचा कोड वर्षभर तिथंच आहे. प्रायव्हेट रेपोतला मजकूर गोपनीय मानतो असं त्यांच्या अटींतच लिहिलंय. सुरक्षेचं कारण, कायद्याची सक्ती किंवा मदतीसाठी तुम्हीच दिलेली परवानगी, असल्या मोजक्या वेळीच ते आत बघू शकतात.

एक मात्र करा. रेपो स्वतःच्या खात्यात ठेवू नका, ऑर्गनायझेशन (टीमचं सामाईक खातं) काढा आणि दोघांना तरी मालकीहक्क द्या. एकाचा फोन हरवला म्हणून धंदा अडता कामा नये.

सगळंच फुकट झालंय असंही नाही. मास्टर ब्रँचला (कोडच्या मुख्य प्रतीला) कुलूप लावायचं, म्हणजे दुसऱ्यानं तपासल्याशिवाय काही आत येऊ द्यायचं नाही, ही सोय प्रायव्हेट रेपोत अजून पैसेवाल्या प्लॅनलाच आहे. तो टीम प्लॅन ९ चा आता ४ डॉलर झालाय. तुमची तोलाईची भानगड बघता तुम्हाला त्याचीच खरी गरज आहे. तोवर पुल रिक्वेस्टशिवाय, म्हणजे बदल दुसऱ्याकडं तपासायला पाठवल्याशिवाय, मिसळायचं नाही, असा नियम तोंडी तरी पाळा. ॲक्शन्सची (चाचण्या आपोआप चालवणारी गिटहबची सोय) महिन्याला २,००० मिनिटं फुकट आहेत. पट्टीची बेरीज तपासणारी टेस्ट त्यात आरामात बसेल.

रंकाळाकाठ

पुन्हा पैसे मागतील याची भीती नको. गिट (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणारं सॉफ्टवेअर, गिटहब त्यावरच चालतं) असं बांधलंय की प्रत्येकाच्या क्लोनमध्ये, म्हणजे स्वतःच्या मशीनवर उतरवलेल्या प्रतीत, पूर्ण इतिहास असतो. गिटहब उद्या बंद झालं तरी सहा लॅपटॉपवर सहा प्रती आहेत, दुसरीकडं ढकलायला दहा मिनिटं लागतात. इश्यू (अडचणींच्या नोंदी) आणि पुल रिक्वेस्टवरची चर्चा मात्र क्लोनमध्ये येत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

माझी काळजी वेगळी आहे. ढकलायच्या आधी कोडमध्ये पासवर्ड शोधा. फाईल पुसली म्हणून पासवर्ड जात नाही, जुन्या कमिटमध्ये (आधी नोंदवलेल्या बदलात) तो तसाच असतो. सापडला तर आधी बदला, इतिहास साफ करायचं नंतर बघा. आणि अडत्यांचा डेटा, शेतकऱ्यांची नावं, खाते नंबर यातलं काहीही रेपोत टाकू नका. ते तुमचं नाही, लोकांचं आहे. डेटाबेसचा बॅकअप वेगळा आणि रोजचा.

शिरोलीपूल

मी म्हणेन स्वतःच्या मशीनवर गिटलॅब (गिटहबसारखंच सॉफ्टवेअर) चढवा. त्याची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे आणि कुणावर अवलंबून राहायला नको.

रंकाळाकाठ

मशीन ठेवणार कुठं भावा? त्याच तळमजल्यावर?

गूळपट्टी, २२ एप्रिल

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑर्गनायझेशन काढली. मी आणि कागलचा पोरगा, दोघं मालक. काल रात्री सहाही जण आत आले.

रंकाळाकाठ, तुमचं ऐकलं ते बरं झालं. २०१७ च्या एका सेटिंगच्या फायलीत एका अडत्याच्या डेटाबेसचा पासवर्ड उघडा पडला होता. त्यांना फोन करून सगळं सांगितलं आणि पासवर्ड बदलून मगच कोड ढकलला.

आज सकाळी गडहिंग्लजहून पहिली पुल रिक्वेस्ट आली. पट्टीवर तोलाईची ओळ एकदाच येते का हे तपासणारी टेस्ट, अकरा ओळींची. जो पोरगा आजवर झिप पाठवायचा, त्याचीच. दोनदा वाचली, चालवून बघितली आणि मिसळली.