मदत हवी आहे : एटना ज्वालामुखीची एक दिवसाची सहल, सोबत शाकाहारी आई

मंडळी, दसरा झाला की आई आणि मी रत्नागिरीहून सिसिलीला निघतोय, मुक्काम कतानियात. आठ-दहा जणांच्या छोट्या गाडीतून एटना आणि वाटेत तिथला मध, ऑलिव्ह तेल, चीज, वाइन चाखायची, अशी सहल हवी आहे. तिकडची एसटी सकाळी एकदाच वर जाते नि दुपारी उशिरा परतते, म्हणून ती नको.

आई सत्तरीची. रत्नदुर्ग बसत-उठत चढते, पण सुट्या खडीवर पाय ठरत नाही, आणि एटनावर सगळी काळी खडीच. १९०० मीटरवरच्या रिफ्युजिओ सापिएन्झा या डोंगरावरच्या विश्रामगृहापर्यंत गाडी जाते. पुढे केबलकारने २५०० मीटरवर जायचा हट्ट नाही. १८९२ च्या उद्रेकातली सिल्व्हेस्ट्री विवरं पाहिली तरी पुरे.

खरी अडचण खाण्याची. मी मासेखाऊ, ती अंडंही खात नाही. सहलवाल्यांना मेल केल्या, तर 'व्हेज मिळेल' एवढंच उत्तर. पेकोरिनो चीज कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, ते तिला चालणार नाही, हे काही त्यांच्या डोक्यात शिरत नाही. मध-तेल-पिस्त्यावर भागेल, थालीपिठं मी नेईनच.

बजेट माणशी शंभर युरोच्या आत. कुणी अलीकडे गेलंय का? खडीवरचं चालणं नेमकं किती, आणि लाव्हाच्या गुहेत उतरायचं नसेल तर तिला बाहेर कुठे बसायला जागा असते का?