मेबल नॉर्मंड: खुनाच्या भानगडी सोडून कामाबद्दल सांगा ना कुणीतरी

गंगापूररोडकर:
कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर मूकपट लावायचा बेत आहे. चॅप्लिन सगळ्यांचा पाहून झालाय, यंदा हसवणारी बाई पाहिजे, असं महिला मंडळाचं म्हणणं. मेबल नॉर्मंडचं नाव शोधलं तर १९२२ मधला दिग्दर्शक टेलरचा खून, १९२४ मध्ये तिच्या ड्रायव्हरनं केलेला गोळीबार, नाहीतर तिचा क्षय. कोणता पट लावू?

जुना_ऑपरेटर:
ताई, ‘मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट’ लावा, १९१४ चा. हॉटेलात ही बया पायजम्यात खोलीबाहेर अडकते, लॉबीतला झिंगलेला चॅप्लिन मागे लागतो आणि ही भलत्याच जोडप्याच्या पलंगाखाली लपते. चॅप्लिनचा तो ढगळ पँटवाला अवतार याच पटासाठी पहिल्यांदा चित्रित झाला, लोकांपुढे मात्र दोन दिवस आधी दुसऱ्याच पटातून आला.

पण मंडळाला तिचा चेहरा बघायला सांगा. पडणं-धडपडणं कीस्टोनमध्ये, म्हणजे तिच्या विनोदी पटांच्या कंपनीत, सगळेच करायचे. हिचं डोळ्यांत आधी दिसतं, की आता काहीतरी अंगाशी येणार. आणि ती नुसती नटी नव्हती, दिग्दर्शनही करायची. ‘मेबल अॅट द व्हील’च्या वेळी चॅप्लिननं पाण्याच्या नळीचा विनोद सुचवला, हिनं नको म्हटलं, तर गडी रुसून बसला! त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. १९१६ मध्ये तिच्या नावाचा स्टुडिओ उभा राहिला. टेलरच्या खुनात पोलिसांनी तिला आरोपी केलंच नाही, तरी काही गावांत तिच्या चित्रपटांवर बंदी आली. १९३० मध्ये क्षयानं गेली, सदतिसाव्या वर्षी.

पंचवटीची_सून:
काका, त्याच सुमारास आपल्या नाशकात फाळके काय करत होते बघा. ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती म्हणजे साळुंके, पुरुष. नाशकात येऊन १९१३ मध्येच ‘मोहिनी भस्मासुर’ केला, त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई. तेव्हा बाईनं पडद्यावर येणं हीच मोठी गोष्ट, दिग्दर्शन तर लांबच.

गंगापूररोडकर:
मस्त! पण इंटरनेटवरची प्रत लावून पाहिली तर सगळे माकडासारखे उड्या मारतात.

जुना_ऑपरेटर:
तो वेगाचा घोळ. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा चित्रं, कमीजास्त. बोलपटाचं मशीन चोवीसनं पळवतं. हजार फुटांचं रीळ सोळानं साडेसोळा मिनिटं चालतं, चोवीसनं अकरा मिनिटांत खलास. मग चेहरा कुठला दिसायला? लॅपटॉपवर वेग पाऊणपट करून बघा, तरी उड्या मारल्या तर आणखी थोडा कमी.

पंचवटीची_सून:
‘मिकी’ लावा की! १९१८ चा, तिचा सगळ्यात गाजलेला.

जुना_ऑपरेटर:
लांबलचक आहे हो. तोवर दूध आटून बासुंदी होईल. आधी छोटा लावा, मंडळी बसली तर ‘मिकी’. आणि कॉम्प्युटरचं संगीत बंद ठेवा, सोसायटीत कुणी पेटी वाजवणारं असेलच.