इशारा आला तेव्हा तुमच्या घरात काय चाललं होतं?

मंडळी, पुराचे फोटो आपण सगळ्यांनी भरपूर पाहिलेत. मला हवेत ते आदल्या दिवसाचे अनुभव. इशारा कानावर आला तेव्हा तुम्ही त्याचा अर्थ काय लावला, काय उचललं, काय राहून गेलं? पूर, वादळ, गारपीट, वीज, काहीही लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही सांगलीचे. पावसाळ्यात आमच्याकडे भेटल्याबरोबर पहिला प्रश्न, "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका, हे पोरासोरांनाही पाठ. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, तेव्हा ते आमच्या दुसऱ्या पायरीला लागून परत फिरलं होतं. त्यामुळे २०१९च्या ऑगस्टमध्ये सासरे ठाम होते, "पायरीच्या वर येत नाही." गाद्या माळ्यावर टाकल्या, धान्याचे डबे कॉटवर ठेवले आणि झोपलो. त्या वर्षी आयर्विनला ५७ फूट ओलांडले. घरात पाणी खिडकीच्या चौकटीला टेकलं. ओसरल्यावर लोखंडी कपाटाचं दार गाळाने असं घट्ट बसलं होतं की पहार लावावी लागली. खालच्या कप्प्यात सातबारा, मुलीचे दाखले, घराची कागदपत्रं, सगळ्याचा मिळून एकच लगदा. सासूबाई तो ताटात घेऊन कितीतरी वेळ एकेक पापुद्रा सोडवत बसल्या होत्या.

नंतर सासऱ्यांनी स्वतः ऑइलपेंटने भिंतीवर रेघा ओढल्या. आयर्विनला ५३ म्हणजे दुसरी पायरी, ५५ म्हणजे उंबरा, ५७ म्हणजे खिडकी. २०२१च्या जुलैत पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा वाद झाला नाही. ४८ झाले तशी कागदाची पिशवी आणि सिलिंडर रिक्षात टाकून सासूबाईंना नणंदेकडे पोचवलं.

चिपळूण

ताई, तुमची कृष्णा निदान विचार करायला वेळ देते. आमची वाशिष्ठी नाही देत. सह्याद्रीच्या कड्यावरून समुद्रापर्यंत तिची धावच थोडी, त्यात भरती असली की पाणी पुढे सरकतच नाही. २२ जुलै २०२१ला पहाटे जाग आली ती शेजाऱ्यांच्या हाकांनी. वीज गेलेली, थोड्या वेळाने मोबाईलही मुके. त्या सकाळपासूनच्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, हे नंतर वाचलं.

बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान. २००५च्या पाण्याची खूण भिंतीवर होती आणि आम्ही सगळा चांगला माल त्या खुणेच्या वरच्या फळीवर ठेवत आलो होतो. सोळा वर्षं त्या खुणेवर विश्वास ठेवला. पाणी तिच्याही वर गेलं. म्हणून सांगलीच्या ताईंना कळकळीने सांगतो, रेघ जरूर ओढा, पण ती शेवटची समजू नका. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते कोसळतं तेव्हा काही तासांतच कोसळतं. जुन्या खुणा जुन्या पावसाच्या आहेत.

अजून एक. गाळ ओला आहे तोवर काढा. वाळला की कुदळ लागते. आणि गाळात अनवाणी उतरू नका, पायाला चीर असेल तर अजिबातच नको. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या पाण्या-गाळातून होणारा ताप) गोळ्या वाटायला आरोग्यसेविका आल्या तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांनी खिशात ठेवून दिल्या. त्या तेव्हाच, सांगतील तशा घ्यायच्या असतात.

मुंबई, २६ जुलै २००५

सांताक्रूझला त्या दिवशी २४ तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७४. माझं ऑफिस दक्षिणेला. खिडकीबाहेर साधा पाऊस दिसत होता म्हणून मी नेहमीच्या वेळेला निघाले. पोचले दुसऱ्या दिवशी दुपारी. कुर्ल्याच्या पुढे अनोळखी माणसांनी हाताला हात धरून साखळी केली आणि दुभाजकावरून चालवलं, कारण पाण्याखाली मॅनहोल कुठे उघडं आहे ते दिसत नव्हतं. तेव्हापासून मी स्वतःच्या खिडकीबाहेरचा पाऊस पाहून काही ठरवत नाही.

श्रीवर्धन

निसर्ग वादळाचा इशारा आम्हाला वेळेवर आणि नीट मिळाला होता, हे आधी सांगायला हवं. ३ जून २०२०, कोरोनाचे दिवस, तरी तोंडाला रुमाल बांधून लोक शाळेत जाऊन राहिले आणि जीव वाचले. कौलं गेली, पत्रे गेले, सुपारीची बाग एका दुपारीत आडवी झाली. आजोबांनी लावलेली झाडं होती. नवीन रोपाला सुपारी धरायला पाच-सात वर्षं तरी जातात.

पण आम्ही अडलो वेगळ्याच ठिकाणी. विहीर काठोकाठ भरलेली आणि प्यायला पाणी नाही! पंप बसवल्यावर रहाट काढून टाकला होता, आणि वीज यायला कित्येक आठवडे लागले. वाडीत एकाच घरी जुना पोहरा आणि दोर निघाला. त्यावर नऊ घरांनी पाणी काढलं. आता प्रत्येक विहिरीवर कप्पी आहे आणि मे महिन्यात दोर तपासतो.

परभणी

आमच्याकडं पूर कमी, वीज आणि गारा जास्त. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट विसरणं नाही, उभी ज्वारी झोपली. ऑरेंज अलर्ट सगळ्या जिल्ह्याला येतो, वीज पडते एका बांधावर. म्हणून पोरानं पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप घेऊन दिलं, आसपास वीज पडायला लागली की ते सांगतं. गडगडाट ऐकू आला की आम्ही आधी झाडाखालची जनावरं सोडतो. पूर्वी उलट करायचो, पावसात भिजतील म्हणून नेऊन झाडाखालीच बांधायचो. त्यात एक बैलजोडी गेली. पीकविम्याला तेव्हा ७२ तासांत कळवावं लागायचं, म्हणून फोटो त्याच दिवशी काढायचो.

कोल्हापूर

सामानाबद्दल सगळे लिहितायत, मी आईबद्दल लिहितो. तिचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. २०१९ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली. आमच्या घरात पाण्याचा थेंब आला नाही, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण नळाचं पाणी पुरवणारे पंप बुडाले आणि शहराचं पाणी बंद झालं. एका डायलिसिसला शंभर लिटरहून जास्त शुद्ध पाणी लागतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. सेंटरवाल्यांनी सांगितलं, टँकर आला तर करू. महामार्गावर शिरोलीजवळ पाणी, दुसऱ्या गावाला नेणार कसं? आईचं डायलिसिस दोन दिवस पुढे गेलं. तिचे पाय सुजलेले, रात्री उशाला टेकून बसून श्वास घ्यायची. मी शेजारी बसून मोबाईलवर बंधाऱ्याची पातळी बघत होतो.

धोका पातळी ४३, इशारा ३९. आता ३९ झाले की आम्ही बॅग उचलतो आणि आईला घेऊन पुण्याला बहिणीकडे जातो, तिथलं सेंटर आधीच बोलून ठेवलेलं असतं. गेल्या काही वर्षांत दोनदा उगाच गेलो, पाणी चढलंच नाही. आई गाडीत म्हणाली, "बरं झालं, लेकीकडं राहाणं झालं."